बोर्ड गेला म्हणण्याआधी

मी सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करतो. कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा नाही. पण पै-पाहुण्यांत नि गल्लीत ज्याच्या पोरानं घरी गेमिंग पीसी जोडलाय, त्याचा फोन फिरून फिरून माझ्याकडे येतो, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बोर्ड गेला म्हणत्यात बघा." बरेचदा तो गेलेला नसतो. मशीनमधला प्रत्येक भाग मदरबोर्डावरच येऊन चिकटतो, त्यामुळे कोणाचंही दुखणं दिसतं तिथंच. शिवाय बाकीचे भाग दुसऱ्याचे लावून पाहता येतात. बोर्ड बदलायचा तर सगळं मशीन सोडवावं लागतं. म्हणून सगळा आळ त्याच्यावर टाकणं सोयीचं पडतं. आजवर जी मशीन्स हाताखालून गेली, त्यांतून जे कळलं ते असं.

१. मेलेला बोर्ड परवडला, लहरी बोर्ड नको.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर निदान सोपं. अवघड तो, जो सकाळी गुमान चालतो, संध्याकाळी गेम रंगात आला की रिस्टार्ट मारतो आणि दुकानात नेला की दिवसभर काही म्हणून करत नाही. अशा मशीनला स्क्रूड्रायव्हर लावण्याआधी एक वही घालावी. बंद पडल्याची वेळ, तेव्हा काय चालू होतं, स्क्रीन निळा झाला की थेट काळा, पंखे फिरत राहिले की तेही थांबले. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की पोरं लगेच एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलायला निघतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं, ते ती सांगत नाही. त्यापेक्षा 'डब्ल्यूएचईए' नावाच्या नोंदी शोधाव्यात. प्रोसेसरनं स्वतः पकडलेल्या हार्डवेअरच्या चुका तिथं येतात.

विश्रामबागेतल्या माझ्या भाच्यानं कुरकुरत का होईना वही लिहिली. बहुतेक रिस्टार्ट नळाला पाणी यायच्या वेळेचे निघाले.

२. तपासाची सुरुवात भिंतीपासून.

पाणी आलं की गल्लीतल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि दिवे मंदावतात. यावर लोक स्टॅबिलायझर सुचवतात. मला तो खर्च फारसा पटत नाही. ॲक्टिव्ह पीएफसीचा चांगला एसएमपीएस साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो. १९० व्होल्ट आले म्हणून तो दचकत नाही. ज्याच्यावर '२००-२४०' छापलेलं असतं, त्या स्वस्तातल्याची गोष्ट वेगळी. चांगल्याला आडवा पाडतो तो वीजप्रवाहातला क्षणभराचा खंड, आणि असा खंड बऱ्याचदा आपल्याच घरातल्या ढिल्या जोडात तयार होतो. भाच्याच्या खोलीतला स्विचबोर्ड उघडला, तर न्यूट्रलचा स्क्रू सैल आणि वायरीवरचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. घरची पाण्याची मोटार त्याच लाइनवर. मोटार जोरात ओढायची, जोड तापायचा, आणि वर मशीन रिस्टार्ट व्हायचं. वायर कापून नवी सोलली, जोड घट्ट केला, मोटारीला वेगळी लाइन टाकली.

३. झिणझिण्या येतात म्हणजे बोर्ड 'लीक' होत नाही.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार गावभागातल्या जुन्या वाड्यांतून हमखास येते. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांना अर्थशी, म्हणजेच पत्र्याशी, जोडतात. अर्थिंग असेल तर ती किरकोळ गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि मल्टिमीटरवर २३०च्या निम्मे, म्हणजे ११५च्या आसपास व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो, म्हणून चिमटा बसून सुटतो. पण त्याचा खरा निरोप असा, की सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेला आहे, आणि उद्या फेजची वायर खरंच पत्र्याला टेकली तर वाचवणारं काही नाही.

निव्वळ अर्थिंगअभावी मशीन रिस्टार्ट होत राहिल्याचं मी क्वचित पाहिलंय. यूएसबी मध्येच तुटणं, हेडफोनमध्ये खरखर, हे मात्र नेहमीचं. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव ध्यानात घ्यावा: उन्हाळ्यात ती फाटते, अर्थिंगच्या पट्टीला सोडते, आणि जानेवारीत उत्तम असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. खड्ड्यात पाणी ओतायची नळी त्यासाठीच ठेवलेली असते. तिच्यावर फरशी बसवून टाकलेली घरंही मी पाहिलीत. वायरमन बोलावून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही मोजून घ्यावं. पहिली दोन मापं जवळपास सारखी आणि तिसरं दोन-चार व्होल्टांत असलं की पुढं जावं. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना बांधून 'काम भागवणारा' कुणी भेटला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. न्यूट्रल तुटला तर त्या जुगाडानं अख्ख्या पत्र्यात पूर्ण फेज येतो.

४. लाइट गेल्यावर मशीन पडतं, ते इन्व्हर्टरला विचारावं.

घरच्या बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असतं, आणि ते बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं. लाइट गेल्यावर एसएमपीएस सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरनं त्याच्या आत भार घेतला तर ठीक, नाहीतर रिस्टार्ट. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काही ॲक्टिव्ह पीएफसी एसएमपीएस रुसतातच. तिथं साइन वेव्हला पर्याय नाही.

५. एका वेळी एकच बदल.

सांगायला सोपं, पाळायला महाकठीण.

६. रॅमची चूक एकट्या रॅमची नसते.

सगळ्यात जास्त वेळ मी इथं घालवलाय. आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे स्टिक काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासणे. हसू नये, डिस्प्ले न येणारी मशीन त्यानं उठतात. मात्र दर महिन्याला घासावं लागत असेल तर दोष दातांत नाही, स्लॉटमध्ये किंवा हवेतल्या ओलीत आहे.

भाच्याची वायरिंग नीट झाल्यावर संध्याकाळचे रिस्टार्ट थांबले, पण अधूनमधून निळा स्क्रीन यायचाच. त्याचं म्हणणं पडलं, "मामा, तुमची वायरिंग उगंच झाली." मला ते वाक्य महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक तपास नेमका इथं फसतो. मशीनमध्ये दोन दोष एकत्र नांदत असतील, तर एक काढल्यावर फरक अर्धाच दिसतो, आणि माणूस वैतागून केलेली बरोबर दुरुस्तीसुद्धा उलटी फिरवतो. वहीत मात्र फरक स्पष्ट होता: आता निळा स्क्रीन वेळ न बघता यायचा आणि दर वेळी वेगळा संदेश द्यायचा. संदेश सारखा बदलत असला की मी आधी रॅम बघतो.

त्यानं आधी आठ जीबीच्या दोन स्टिक घेतल्या होत्या, नंतर दुसऱ्या कंपनीच्या आणखी दोन. खोक्यावरची ३६००ची गती बायोसमध्ये एक्सएमपी चालू करून लावलेली. ही गती म्हणजे स्टिक बनवणाऱ्याचं आश्वासन. प्रोसेसर बनवणाऱ्याचं आश्वासन वेगळं असतं: एएम४च्या त्याच्या रायझनला चार स्टिक लावल्या की अधिकृत गती २९३३ किंवा स्टिकच्या प्रकारानुसार २६६७वर येते. मेमरी कंट्रोलर आता बोर्डावर नसतो. एएमडीनं तो २००३च्या अथलॉन ६४पासून आणि इंटेलनं २००८पासून डेस्कटॉप प्रोसेसरच्या पोटातच घातलाय. म्हणजे 'रॅमची चूक' ही स्टिकची, स्लॉटची, प्रोसेसरची, किंवा कूलर एका बाजूला जास्त आवळल्यानं सॉकेटवर पडलेल्या वाकड्या दाबाची, कोणाचीही असू शकते.

उपाय कंटाळवाणा आहे. मेमटेस्ट८६+ हा फुकटचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि रात्रभर चालू ठेवायचा. चुका आल्या तर एकच स्टिक ठेवून पुन्हा, मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक स्टिकच्या मागं गेली तर स्टिक खराब, स्लॉटलाच चिकटून राहिली तर स्लॉट किंवा सॉकेट. दोन स्टिक असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात, ज्यांना ए२, बी२ म्हणतात. शेजारी-शेजारी लावू नयेत. भाच्याच्या चारही स्टिक एकेकट्या निर्दोष निघाल्या. चौघींना मिळून ३६०० झेपत नव्हतं. गती खाली आणली आणि मशीन शांत झालं. गेममधला फरक त्याला आजतागायत दाखवता आलेला नाही.

७. दुसऱ्याचा एसएमपीएस लावा, दुसऱ्याची केबल नको.

बारा व्होल्टच्या लाइनला पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६. मल्टिमीटर तेवढं दाखवतो, पण ग्राफिक्स कार्ड निमिषभरात जी उसळी घेतं ती त्याच्या नजरेत येत नाही. त्यामुळे खात्रीचा एसएमपीएस मित्राकडून आणून लावून पाहणं हीच खरी परीक्षा. फक्त मॉड्युलर एसएमपीएस असेल तर त्याच्या सगळ्या केबली त्याच्याच हव्यात. कार्डाकडचं टोक सगळीकडं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची जोडणी प्रत्येकाची वेगळी. प्लग बसतो, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन हार्ड डिस्क जळते. एका दोषाचा शोध घेताना असे दोन नवे तयार होतात.

प्रोसेसरशेजारचा आठ पिनांचा कनेक्टर 'टक्' आवाज येईपर्यंत दाबलाय का, हेही बघावं. तो कॅबिनेटच्या कोपऱ्यात असतो, हात पोचत नाही, अर्धवट राहतो.

८. कॅबिनेटबाहेर काढून चालवा.

बोर्डाचा पुठ्ठ्याचा खोका टेबलावर पालथा घालून त्यावर बोर्ड, प्रोसेसर, कूलर, एक स्टिक, एवढंच जोडायचं. बाहेर चाललं आणि आत नाही, तर बहुधा एखादा पितळी स्टँडऑफ जिथं भोक नाही तिथं राहिलेला असतो. शिवाय पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काच लावलेलं कॅबिनेट म्हणजे भट्टीच. प्रोसेसरचं तापमान स्क्रीनवर ठीक दिसतं, पण त्याला वीज पुरवणारा शेजारचा व्हीआरएम तापून गती पाडतो. धूळ काढायला ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरावीत.

९. कधी अख्खं जग बोर्डाला दोष देत असतं.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर गेम खेळताना कोलमडायला लागले, तेव्हा आधी बोट गेलं ते बोर्ड कंपन्यांच्या सैल सेटिंगांकडं. २०२४च्या उन्हाळ्यात इंटेलनं कबूल केलं, की प्रोसेसरचा मायक्रोकोडच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड बायोसमधून आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्या अपडेटनं बरा होत नाही. त्या काळात किती धडधाकट बोर्ड बदलले गेले असतील, देव जाणे.

म्हणून बायोस अपडेट करावा, पण वळवाचं आभाळ भरून आलेल्या दुपारी करू नये. अर्ध्यात लाइट गेली तर तेव्हा मात्र बोर्ड खरंच जाऊ शकतो.

१०. पुरातून आलेला बोर्ड.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. ओसरल्यावर मारुती रोडच्या बाजूनं ओळखीची काही मशीन्स माझ्याकडं आली. अशा बोर्डातला नाण्याएवढा सीआर२०३२ सेल पहिल्यांदा काढायचा, कारण ओल्या बोर्डावर तेवढे तीन व्होल्टसुद्धा तांबं खातात. मग स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोल मारायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. त्यातले काही उठले. उठलेल्यांतले काही दिवाळीनंतर चळले: आज लॅन पोर्ट गेला, उद्या एक स्लॉट, परवा दोन्ही परत आले. चिपांच्या पोटाखाली नि थरांमधल्या भोकांत गंज शिरला की तो धुता येत नाही. इथं मी स्वतःहून म्हणतो, बोर्ड गेला. आणि कधीच बुडाला नाही पण महिनाभर माळ्यावर ओलीत राहिला, अशा बोर्डाकडंही मी संशयानंच बघतो.

११. वॉरंटीत देताना तक्रार नीट लिहा.

बिल, खोका, सिरीयल नंबरचं स्टिकर जपावं. सॉकेटमध्ये पिना असतील तर देण्याआधी उजेडात त्यांचा फोटो काढावा, कारण वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही आणि ती कोणाच्या हातून वाकली हे नंतर सिद्ध होत नाही. नुसतं 'हँग होतो' लिहिलेला बोर्ड तिकडं एसीच्या खोलीत त्यांच्या रॅमवर तासभर चालतो आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत येतो. गल्लीतल्या एका पोराचा बोर्ड असाच परत आला होता. दुसऱ्या वेळी त्याला चिठ्ठीत लिहायला लावलं: 'बी२ स्लॉटमध्ये कोणतीही स्टिक लावली तरी मेमटेस्टमध्ये काही मिनिटांत चुका, त्याच स्टिक ए२मध्ये रात्रभर निर्दोष, एसएमपीएस आणि प्रोसेसर बदलून पाहिले, फरक नाही.' बरोबर स्क्रीनचे फोटो जोडले. नवा बोर्ड आला.