टेड ग्रीन यांची एकुलती एक तबकडी

जाझ हे नाव काढले की डोळ्यांसमोर सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ड्रम यांचा ताफा उभा राहतो. लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन ही नावे जाझ न ऐकणाऱ्याच्याही कानांवरून गेलेली असतात. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले वादक मात्र जाझच्या शौकिनांनाही पुष्कळदा ठाऊक नसतात. त्यांनी स्वतःच्या नावावर आयुष्यात एकच ध्वनिमुद्रिका काढली आणि तीत एका गिटारशिवाय दुसरे काही नाही. त्यांचे नाव टेड ग्रीन, तबकडीचे नाव 'सोलो गिटार' आणि साल 1977.

ग्रीन यांचा जन्म 26 सप्टेंबर 1946 रोजी लॉस एंजेलिस शहरातील हॉलीवूड भागात झाला. त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय शिकवणीचा. त्याच शहराच्या एन्सिनो भागातील आपल्या घरी ते वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना गिटार शिकवीत. 1971 साली त्यांचे 'कॉर्ड केमिस्ट्री' हे पुस्तक निघाले आणि ते देशोदेशीच्या गिटारवादकांच्या हाती गेले. तबकडीचे नशीब निराळे. एका लहानशा कंपनीने ती काढली आणि पुढे ती दुर्मिळ झाली. 2004 साली ती सी. डी.च्या रूपाने पुन्हा निघाली व 23 जुलै 2005 रोजी, वयाच्या 58व्या वर्षी, ग्रीन वारले. पुस्तक सर्वांच्या हाती आणि वादन थोड्यांच्याच कानी, असा हा प्रकार!

माझे कान भजनात वाढले. आमचे आप्पा गावच्या भजनी मंडळात गातात, मी पेटीवर साथ करतो. आमच्याकडे स्वर एकामागून एक येतो आणि पेटी गळ्याच्या मागोमाग चालते. वसतिगृहातील एका मित्राने त्याच्या फोनवर ही तबकडी ऐकवली तेव्हा पहिल्यांदा मला चाल सापडेचना. इतके स्वर एकदम कशाला, असे वाटले. ऐकण्याची रीत हळूहळू सापडली. ती येथे सांगतो, कारण माझ्यासारखे कान असलेले आपल्या महाविद्यालयात पुष्कळ आहेत.

गिटारला सहा तारा. डावा हात तारा दाबतो आणि त्याची चारच बोटे कामाची. तार छेडली की स्वर लगेच विरू लागतो. पेटीसारखा धरून ठेवता येत नाही. एवढ्या सामग्रीत ग्रीन तीन कामे करतात. वर चाल, खाली खर्जाची ओळ आणि मध्ये एक-दोन स्वर, जे स्वतःच्या वाटेने सरकत असतात. खरी गंमत या मधल्या स्वरांत आहे. पेटी असेल तर करून पाहा. मध्य सप्तकातला पंचम आणि तार सप्तकातला कोमल गंधार दाबून ठेवा. मधल्या बोटाने तार षड्ज वाजवा आणि मग शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत असे एकेक पट्टी खाली उतरा. वरचा व खालचा स्वर जागचे हललेले नाहीत, तरी प्रत्येक पायरीला सगळ्याचा रंग पालटतो. 'सोलो गिटार' ऐकताना कान चालीवरून काढून या मधल्या माणसावर ठेवावा. एकदा तो सापडला की पुन्हा हरवत नाही.

सुट्टीत मी आप्पांना ही तबकडी ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि विचारले, "वाजवणारे किती जण हाय्ती रं?" एकटाच म्हटल्यावर त्यांना खरे वाटेना. "मग खालचं कोन वाजिवतंय?" खालचे वेगळे आहे हे त्यांना न सांगता कळले होते, मला त्याला महिना लागला होता.

निवडलेली गाणी बहुतेक जुनी आणि लोकांच्या तोंडची. 'डॅनी बॉय' ही आयर्लंडची जुनी चाल. जॉर्ज गर्श्विन यांच्या 1935 सालच्या 'पोर्गी अँड बेस' या संगीतिकेतील 'समरटाइम'. जेरोम केर्न यांचे 1927 सालचे 'ओल्ड मॅन रिव्हर'. आणि त्या मानाने नवे म्हणजे स्टीफन सॉन्डहाइम यांचे 1973 सालचे 'सेंड इन द क्लाउन्स'. श्रोत्याला चाल ठाऊक असली की त्याचे लक्ष तिच्या आजूबाजूला जाऊ शकते. आपल्याकडे परिचित अभंग नव्या बुवांकडून ऐकताना हेच घडते.

वाद्यही विचार करण्यासारखे आहे. जाझवाले सहसा पोकळ अंगाची गिटार घेतात. ग्रीन यांची आवडती फेंडर कंपनीची टेलिकास्टर म्हणजे सपाट, भरीव लाकडाची फळीच! 1950च्या सुमारास बाजारात आलेली ही गिटार लोकांनी गावरान गाण्यांत आणि रॉकमध्ये ऐकलेली. तिच्यातून त्यांनी असा मऊ नाद काढला.

दोषही सांगितला पाहिजे. काही ठिकाणी दाटी फार होते. श्वास घ्यायला जागा हवी तिथे आणखी एक कॉर्ड येऊन बसते. सबंध तबकडी एका बैठकीत ऐकू नये, दोन-तीन गाणी ऐकून थांबावे, असे माझे मत आहे.

ग्रीन यांच्याविषयी हळहळून म्हटले जाते, की शिकवण्यात वेळ घालवला नसता तर आणखी तबकड्या निघाल्या असत्या. मला हे पटत नाही. मी आमच्या घरातला महाविद्यालयात आलेला पहिलाच. मला शिक्षक व्हायचे आहे असे म्हटले की, "एवढं शिकून नुसता मास्तर?" असे ऐकावे लागते. त्यामुळे असेल, पण त्या हळहळीत मला तोच 'नुसता' ऐकू येतो. चार स्वरांची कॉर्ड किती तऱ्हांनी पसरून मांडता येते हे पाहून त्यांनी त्या मांडण्यांचे 14 गट पाडले. हे काम कार्यक्रमांच्या धावपळीत झाले नसते, आणि या कामावाचून ती तबकडीही झाली नसती.

त्यांनी विद्यार्थ्यांसाठी हाताने लिहिलेली पाठांची पाने त्यांच्या मृत्यूनंतर स्नेह्यांनी व शिष्यांनी गोळा करून सर्वांना खुली केली आहेत. त्यांत गिटारच्या पट्ट्यांची चौकट काढून तीवर खुणा केलेल्या असतात. ठिपका आधी वाजवायचा, फुली त्यानंतर, मग चौकोन, मग त्रिकोण. एकाच चौकटीत मधला स्वर कुठून कुठे सरकतो ते दिसते. त्यातले एक पान मी वहीत उतरवून घेतले आहे. मित्राची गिटार संध्याकाळी तासभर मिळते. फुलीपर्यंत बोटे जातात. चौकोनासाठी करंगळी अजून पोहोचत नाही.