पावती छापली, नोंद कुठे गेली?

सी शिकून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मुलांचा एसक्यूलाइटबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, हे इन्स्टॉल कुठे करायचं? आणि युजरनेम-पासवर्ड काय?’ कॉलेजात मायएसक्यूएल नाहीतर ओरॅकलवर प्रॅक्टिकल झालेली असतात, त्यामुळे डेटाबेस म्हटलं की कुठेतरी एक सर्व्हर चालू असणार, हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथे सर्व्हर नाही. दोन लाखांहून अधिक ओळींची एक सी फाइल आणि एक हेडर आपल्या प्रोग्रॅमबरोबर कंपाइल करायचं, की झालं. सगळा डेटा डिस्कवरच्या एका साध्या फाइलमध्ये. (तयार लायब्ररी वापरताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची एरर आली, तर ती लिंक करायची राहिली आहे. त्यावर दुपार घालवू नका.)

डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली हे लिहायला घेतलं तेच मुळी सर्व्हरला कंटाळून. अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी ते सॉफ्टवेअर करत होते. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅमही अडायचा. त्यांनी सर्व्हरच काढून टाकला. पण सर्व्हर गेला तशी तो करत असलेली राखणही गेली. कोण वाचतंय, कोण लिहितंय, मेमरी कोणाची, काम फसलं तर पुढे काय, हे सगळं आता आपल्या प्रोग्रॅमने बघायचं. नवख्यांची बहुतेक दुखणी मी इथूनच सुरू होताना पाहिली आहेत.

काही वर्षांपूर्वी ऐन गाळप हंगामात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा प्रोग्रॅम बघायला मला बोलावलं. लिहिणारा नोकरी सोडून गेला होता. तक्रार अशी, की उसाच्या गाडीची पावती छापली जाते, शेतकऱ्याच्या हातात पडते, पण संध्याकाळच्या रिपोर्टात ती गाडीच नसते. रोज नाही, अधूनमधून. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली आणि आत काटा क्लार्क काकुळतीला आलेला: ‘साहेब, लोक आमच्यावर संशय घेतात हो.’ काटा मारण्याचा संशय म्हणजे आपल्याकडे केवढी नाजूक गोष्ट, हे ऊसपट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको.

कोड उघडला. नोंद घालणारं ‘स्टेप’ फंक्शन बोलावलं होतं आणि लगेच पुढच्या ओळीवर पावती छापायची आज्ञा. मधे काही नाही. ‘स्टेप’ काय उत्तर देतंय हे कोणी विचारलंच नव्हतं. काम पुरं झालं तर ते १०१ देतं, म्हणजे ‘डन’. वाचायला एक रो तयार असेल तर १००. फाइल दुसऱ्या कोणी अडवली असेल तर ५, म्हणजे ‘बिझी’. मी तो आकडा लॉगमध्ये लिहायला लावला आणि तासाभरात ५ दिसला.

अडवणारा कोण? त्याच संगणकावरचा रिपोर्टचा प्रोग्रॅम. तो पहिले काही रो स्क्रीनवर दाखवून ‘पुढे’ बटणाची वाट बघत थांबायचा. क्वेरी अर्धवट उभी, ना संपवलेली ना ‘फायनलाइज’ केलेली, म्हणून तिचं वाचनाचं कुलूप फाइलवर तसंच. कोणी रिपोर्ट उघडा ठेवून चहाला गेलं, की काट्याची नोंद फाइलमध्ये जाऊ शकत नव्हती. आणि एसक्यूलाइट आपणहून थांबून पुन्हा प्रयत्न करत नाही. ‘बिझी टाइमआउट’ आपण ठरवून दिला नसेल तर ते तिथल्या तिथे नकार देतं.

दुरुस्ती लहान होती. ‘डन’ मिळाल्याशिवाय पावती छापायची नाही. रिपोर्टने सगळे रो वाचून क्वेरी मोकळी करायची. टाइमआउट पाच सेकंदांचा. शिवाय डेटाबेस ‘वॉल’ म्हणजे ‘राइट-अहेड लॉग’ पद्धतीवर नेला. २०१० मध्ये आलेल्या या पद्धतीत वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, लिहिणारा मात्र एका वेळी एकच. तरी एकाच संगणकावर काम चालत असेल तरच हे करा. नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये वॉल चालत नाही, आणि तिथली कुलपं एरवीही भरवशाची नसतात. पाच संगणकांना एकच डेटा हवा असेल तर सरळ सर्व्हरवाला डेटाबेस घ्या. त्यात कमीपणा कसला?

दुसरं दुखणं पॉइंटरचं. एका मुलाने गाड्यांच्या नंबरांची यादी ॲरेमध्ये भरली. प्रत्येक रोला ‘कॉलम टेक्स्ट’ने दिलेला पॉइंटर जसाच्या तसा ॲरेत ठेवला. छापताना कधी शेवटचाच नंबर पुन्हा पुन्हा, कधी कचरा, कधी सगळं बरोबर. ‘सर, माझ्या लॅपटॉपवर चालतंय.’ चालणारच, योगायोगाने. ती मेमरी एसक्यूलाइटची असते आणि पुढचा ‘स्टेप’, ‘रीसेट’ किंवा ‘फायनलाइज’ होईपर्यंतच तिचा भरवसा. मजकूर नंतर हवा असेल तर आपली प्रत काढा आणि काम झाल्यावर ती ‘फ्री’ करा. कॉलममध्ये नल असेल तर पॉइंटरही नल येतो. तो तसाच ‘स्ट्रकम्प’ला दिला की प्रोग्रॅम कोसळला म्हणून समजा.

मजकूर आत देतानाही हाच हिशोब. ‘बाइंड टेक्स्ट’च्या शेवटच्या जागी ‘स्टॅटिक’ लिहिलं, तर काम होईपर्यंत ही मेमरी हलणार नाही असं तुम्ही वचन देता. फंक्शनमधला लोकल बफर देऊन फंक्शनमधून बाहेर पडलात की वचन मोडलं. शंका असेल तिथे ‘ट्रान्झिएंट’ लिहा, एसक्यूलाइट स्वतःची प्रत काढून घेतं. बाइंड करताना जागा १ पासून मोजतात आणि कॉलम वाचताना ० पासून. हे असं का, यावर वाद घालू नका, लक्षात ठेवा.

‘बाइंड कशाला, स्प्रिंटएफने क्वेरी जोडून चालत नाही का?’ हा प्रश्नही येतोच. वसईत किंवा गोव्यात एक फेरी मारा. डिसोझा आडनाव रोमन लिपीत लिहिताना डीनंतर अपॉस्ट्रॉफी येते. त्या एका चिन्हाने क्वेरीतलं अवतरण मधेच बंद होतं आणि नोंद फसते. हा झाला भला ग्राहक. वाईट हेतूचा माणूस त्याच फटीतून टेबल पुसून जाईल.

वेगाची तक्रार चटकन मिटते. हजारो रो भरायला मिनिटं लागत असतील तर प्रत्येक इन्सर्ट स्वतंत्र ट्रान्झॅक्शन होतोय, आणि प्रत्येक वेळी डेटा खरोखर डिस्कवर पोचेपर्यंत प्रोग्रॅम थांबतोय. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवर अशी सेकंदाला साठेकच ट्रान्झॅक्शन होतात. आधी ‘बिगिन’, शेवटी ‘कमिट’ घाला, हजारो इन्सर्ट सेकंदात उरकतील. वेगासाठी ‘सिंक्रोनस’ बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वीज गेली की फाइल बिघडू शकते, आणि वीज जाणारच.

मराठी मजकूर साठवणाऱ्यांसाठी मात्र थोडं थांबतो, कारण हे इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘मराठी’ या शब्दाची चिन्हं पाच, बाइट पंधरा. बाइंडला लांबी बाइटमध्ये द्यायची असते. तिथे ५ दिलेत तर शब्द ‘र’च्या मधोमध तुटतो. उणे एक द्या, शेवटच्या शून्यापर्यंतचं सगळं ते स्वतः घेतं. ‘ऑर्डर बाय’ने नावं लावली तर ‘ळ’ हा ‘ह’नंतर न येता ‘ल’च्या मागोमाग येतो आणि ‘क्ष’ थेट ‘क’मध्ये जाऊन बसतो, कारण तुलना बाइटांची असते, वर्णमालेची नाही. ती हवी असेल तर तुलनेचं फंक्शन आपण लिहून जोडावं लागतं. ‘कुऱ्हाडे’मधला ‘ऱ्ह’ वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या चिन्हांनी बनू शकतो. डोळ्यांना एकच आडनाव, एसक्यूलाइटला दोन. शोध लागत नाही आणि ऑपरेटर तोच माणूस पुन्हा भरतो. साठवण्याआधी मजकूर एकाच रूपात आणा.

सगळ्यात फसवं प्रकरण आकड्यांचं. इंटिजर कॉलममध्ये कोणी ‘१२३४०’ असं देवनागरी अंकांत भरलं, तर एसक्यूलाइट हरकत घेत नाही. मुकाट्याने मजकूर म्हणून ठेवून घेतं, आणि बेरजेत त्याची किंमत शून्य. २०२१ पासून टेबल ‘स्ट्रिक्ट’ करायची सोय आहे, तिथे अशी नोंद नाकारली जाते. नवं टेबल करताना ते वापरा. आणि ‘फॉरेन की’ची तपासणी सहसा मुळात बंद असते. डेटाबेस उघडला की दर वेळी चालू करावी लागते.

राहता राहिला बॅकअप. चालू प्रोग्रॅमची डेटाबेस फाइल पेनड्राइव्हवर ओढून घेणं म्हणजे बॅकअप नव्हे. वॉल पद्धतीत ताज्या नोंदी शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये असू शकतात आणि त्या मागेच राहतात. बॅकअपची फंक्शनं आहेत, ‘व्हॅक्यूम इन्टू’ ही आज्ञा आहे, ती वापरा. एसक्यूलाइटच्या संकेतस्थळावर डेटाबेस फाइल कशाकशाने बिघडते, याचं त्यांनी स्वतःच लिहिलेलं एक पान आहे. फुकट आहे आणि फार मोठंही नाही. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ते वाचा.