हुरड्याच्या शेगडीसाठी चाकांचा गाडा

परंडा तालुका हा रब्बी ज्वारीचा मुलूख होय. डिसेंबर-जानेवारीत कणसांतील कोवळा दाणा भरला की हुरड्याचे दिवस येतात. गूळभेंडीसारख्या देशी वाणांबरोबर ‘फुले मधुर’ व ‘परभणी वसंत’ हे खास हुरड्याचे वाणही आता उपलब्ध आहेत. शेतात आगटी करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणसे भाजण्याची रीत जुनी व चांगली आहे. परंतु शेतावर येणाऱ्या पाहुण्यांना अथवा रस्त्याकडेला हुरडा विकावयाचा असल्यास जमिनीवरील विस्तव मुलांच्या पायांशी येतो. याकरिता कोळशाची शेगडी कमरेच्या उंचीवर ठेवणारा गाडा गावच्या सुतार-लोहारांकडून करवून घेणे सोयीचे ठरते.

मुख्य तत्त्व

लाकूड व तापलेले लोखंड यांचा स्पर्श होता कामा नये. रोज तापणारे लाकूड हळूहळू करपते व पुढे कमी उष्णतेनेही पेटते. म्हणून दोहोंमध्ये सर्व बाजूंनी मोकळी हवा ठेवावी.

रचना

बाभळीचे पूर्ण वाळलेले लाकूड घ्यावे; ओले लाकूड आकसून सांधे ढिले होतात. वाळलेली बाभूळ कठीण असल्याने खिळ्यांसाठी आधी भोके पाडावीत. चौकट ५ फूट लांब व अडीच फूट रुंद करावी. तिची लाकडे ३ इंच रुंद असावीत. गाड्याची उंची अडीच फूट ठेवावी.

निम्म्या भागावर कणसे चोळण्यासाठी फळ्या ठोकाव्यात. उरलेला भाग उघडा ठेवून त्यावर दोन लोखंडी अँगल आडवे टाकून नटबोल्टने आवळावेत. १८ इंच व्यासाच्या शेगडीच्या काठाला चार लोखंडी कान जोडून ती अँगलवर टांगावी. खालच्या फळीवर राख पडते. तेथे बोटभर अंतर सोडून काळा पत्रा बसवावा. जस्ताचा पत्रा विस्तवाजवळ वापरू नये. फार तापल्यास त्याचा धूर अपायकारक असतो.

चाके शेगडीच्या बाजूस लावावीत, म्हणजे जड भार त्यांवर राहतो आणि दुसरे टोक उचलून गाडा ढकलता येतो. त्या बाजूचे पाय, फळ्या पाणसळीत राहतील इतके आखूड करावेत.

दक्षता

१. कीटकनाशकाच्या रिकाम्या पिंपाची शेगडी कधीही करू नये. धुऊनही विषाचा अंश राहतो.

२. पेटलेला गाडा बंद खोलीत नेऊ नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो. त्याने झोपेतच माणूस दगावतो.

३. कडब्याच्या गंजीच्या वाऱ्याकडील बाजूस गाडा उभा करू नये. वाऱ्याबरोबर उडालेली एक ठिणगी वर्षाची वैरण घालवते. जवळ पाण्याची बादली ठेवावी.

४. राखेखाली रात्रभर निखारा जिवंत राहतो. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात पूर्ण निववून मगच टाकावी. आपल्या काळ्या जमिनी मुळातच विम्लधर्मी असल्याने ती एकाच जागी न ओतता पातळ पसरावी.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हंगामापूर्वी एक गाडा गावात करवून त्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. पाहून केलेले काम ऐकून केलेल्या कामापेक्षा बिनचूक होते.