ठिपके, रेघा आणि पेशव्यांचे सोयरे

मुलांनो, ठिपक्यांची रांगोळी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. गेल्या रविवारी मोठ्या गटाने तशीच एक आकृती कागदावर काढली. एक घर म्हणजे एक ठिपका. ज्यांच्या गाडीतून दुसऱ्या घरची मुले वर्गाला येतात, त्या दोन घरांत एक रेघ. पाहतो तो काय, एकाच घराला पाच रेघा! ते कुटुंब भारतात गेले होते तेव्हा वर्ग अर्धा रिकामा का होता, हे आम्हां शिक्षकांना आत्ता उमगले.

राज्यशास्त्राचे अभ्यासक हीच युक्ती वापरतात. तिला सोशल नेटवर्क अ‍ॅनालिसिस म्हणतात. आपण 'नात्यांचे जाळे' म्हणू. कोणाकडे किती पैसा, किती फौज, एवढेच न पाहता कोण कोणाशी जोडलेले आहे ते पाहायचे. पॅजेट आणि अ‍ॅन्सेल या दोघांनी १९९३ साली इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. मेदिचींची पाठराखण करणारी घराणी आपसांत फारशी जोडलेली नव्हती. त्यांना जोडणारा ठिपका मेदिचींचाच. म्हणून सूत्रे त्यांच्या हाती राहिली.

आता आपल्या पेशव्यांकडे वळू. मधोमध भट घराण्याचा ठिपका काढा. बाजीरावांच्या पत्नी काशीबाई चासच्या जोशी सावकारांच्या कन्या. ही पहिली रेघ. बहीण भिऊबाई बारामतीच्या जोशी सावकारांकडे दिली, तर अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या. पैसा आणि तलवार, दोन्ही सोयरिकीने जोडलेली!

पण इथे आम्ही स्वतःच फसलो. रेघ दिसली की मैत्री, असे फळ्यावर लिहून मोकळे झालो. एका मुलीने विचारले, "मग बाबूजी नाईक?" प्रश्न बिनतोड होता. बाबूजी हे भिऊबाईंचे दीर. बाजीरावांवर त्यांचे कर्जही होते. तरी १७४० साली बाजीराव वारल्यावर नानासाहेबांऐवजी आपल्याला पेशवेपद मिळावे म्हणून बाबूजींनीच खटपट केली, आणि नागपूरकर रघूजी भोसले त्यांच्या पाठीशी होते. फळा पुसावा लागला.

म्हणून पुढच्या रविवारी तीन रंगांचे खडू आणा: सोयरिकीला हिरवा, कर्जाला पिवळा, वैराला लाल. भट आणि बारामतीकर यांच्यामध्ये तिन्ही रेघा येतील. पालकांनी घरी मदत करावी, पण खडू मुलांच्याच हातात असू द्यावा.