सुरवायाचा मठ आणि आपले अध्ययन

देवदर्शनास गेलेला मनुष्य कळस पाहून हात जोडतो. परंतु त्या कळसाच्या छायेत पूर्वी कोण राहत असे, काय शिकत असे आणि कोणास शिकवीत असे, याची चौकशी तो क्वचितच करतो. आम्हीही यास अपवाद नव्हतो. गेल्या हिवाळ्यात तीर्थरूपांसमवेत सुरवाया येथे जाण्याचा योग आला, तेव्हा ही चौकशी मनात प्रथम उभी राहिली. तिचेच निवेदन या पाठात करण्याचे योजिले आहे.

इंदुराहून गुना मार्गाने शिवपुरीस जावे आणि तेथून झाशीच्या रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर पुढे गेले म्हणजे सुरवाया गाव लागते. शेतांच्या मधोमध एक गढी आहे. तिच्या तटाच्या आत तीन देवालये, एक बावडी आणि एक दुमजली दगडी मठ आहे. देवालयांच्या छतांवर व द्वारशाखांवर कोरीव कामाची एवढी दाटी आहे की, दृष्टी ठरत नाही. मठात पाऊल टाकताच मात्र निराळाच अनुभव येतो. मध्ये मोकळे अंगण, भोवती ओवऱ्या व खोल्या, वर लांब शिळांचे छप्पर. भिंती अगदी साध्या. देवासाठी सारी कला आणि स्वतःसाठी केवळ निवारा, हा त्या तपस्व्यांचा विवेक तेथे न सांगता समजतो.

हे तपस्वी कोण होते? नवव्या-दहाव्या शतकांत या प्रदेशात शैव आचार्यांची मत्तमयूर नावाची परंपरा नांदत होती. जवळच्याच रन्नोद येथील मठात तिचा शिलालेख आहे. अवंतिवर्मा नामक राजाने शैव दीक्षा घेण्याच्या इच्छेने पुरंदर या आचार्यांस आपल्या राज्यात आणिले. पुरंदरांनी मत्तमयूर येथे एक आणि रणिपद्र, म्हणजे आजचे रन्नोद, येथे दुसरा मठ स्थापिला. पुढे कवचशिव, सदाशिव, हृदयेश व व्योमशिव अशी गुरुपरंपरा त्या लेखात क्रमाने दिली आहे. राजाचे नाव एकदा येते. गुरूंची नावे मात्र एकामागून एक येतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ही परंपरा पूर्वेस कलचुरींच्या राज्यातही गेली. शोण नदीजवळील चंद्रेहे येथे प्रबोधशिवांनी इ. स. ९७३ मध्ये मठ बांधिला. तेथील लेखात त्यांनी विहीर खणविल्याचा आणि डोंगर फोडून वाट केल्याचा उल्लेख आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कलचुरी लेखसंग्रहात या लेखांचे संपादन केले, हे मराठी वाचकांस भूषणावह आहे. दक्षिणेत तर याच शैव परंपरेतील गोळकी मठाचे विश्वेश्वरशंभु यांनी, काकतीयांच्या राज्यात मिळालेल्या दानाच्या उत्पन्नातून, विद्यार्थ्यांचे अन्न, पाठशाळा, प्रसूतिगृह आणि रुग्णालय चालविण्याची व्यवस्था केली. तो मलकापुरमचा शिलालेख शके ११८३, म्हणजे इ. स. १२६१ चा आहे. यावरून मठ म्हणजे केवळ संन्याशांचे वसतिस्थान नव्हे, तर विद्या, अन्न, पाणी व औषध यांचे ते केंद्र होते, हे स्पष्ट होते.

आता आमची गोष्ट. सुरवायाच्या त्या अंगणात तीर्थरूप क्षणभर स्वस्थ बसले आणि त्यांनी रुद्र म्हणण्यास आरंभ केला. आम्हीही सूर मिळविला. चौथ्या अनुवाकानंतर आमचा स्वर थांबला. त्यांचा एकट्याचा पुढे चालू राहिला. अकरा अनुवाक पूर्ण झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “पुढचे येत नाही का रे?” आम्ही निरुत्तर झालो. पुजाऱ्याच्या घरी जन्मून, शाळेचे शिक्षण संपवून, रोज देवाजवळ उभे राहूनही आम्ही ते शिकलो नव्हतो. आणि जे येत होते, त्याचा अर्थ आम्हांस ठाऊक नव्हता. तीर्थरूपांनी ते आजोबांपासून घेतले होते. आमच्यापाशी ते तुटणार होते. समोरच्या रित्या खोल्यांकडे पाहताना रन्नोदच्या लेखातील नामावळी आठवली आणि मन ओशाळले.

परतल्यापासून रोज पहाटे पूजेपूर्वी आम्ही तीर्थरूपांपाशी बसतो. सातवा अनुवाक चालू आहे. अर्थ वहीत लिहून घेतो. वेग थोडा आहे, परंतु खंड नाही.

वाचकांस विनंती अशी की, असे स्थान पाहण्यास गेल्यास मूर्तींबरोबर विहीर, ओवऱ्या व शिलालेखही पाहावेत. दगडावर आपले नाव कोरू नये. तेथे लिहिलेले नाव वाचावे. आणि घरी परतल्यावर वडीलधाऱ्यांपाशी जे काही पाठ असेल, मग ते स्तोत्र असो, आरती असो वा व्रताची कहाणी असो, ते त्यांच्याच मुखातून एकदा शिकून घ्यावे. पडलेली भिंत शासनाचे पुरातत्त्व खाते सावरू शकेल. ही दुरुस्ती मात्र ज्याची त्यानेच केली पाहिजे. इत्यलम्.