सूर्य उगवल्यावरचा चोर



पाचव्या आज्ञेवरील आपला अभ्यास सुरू झाल्यापासून एक प्रश्न आपल्या दुकानदार बंधूंकडून वारंवार येत आहे. "फादर, उद्या दंगल झाली, जमाव शटर तोडू लागला, तर आम्ही हात बांधून उभे राहायचे काय? काठी उचलली तर पाप लागेल काय?" प्रश्न खरा आहे. ज्याने कर्ज काढून गाळा घेतला, त्याला 'संपत्ती नाशवंत आहे' असे ऐकवणे सोपे. पण त्याने त्याचे समाधान होणार नाही आणि होऊही नये.

घरी निर्गमच्या २२व्या अध्यायातील २ व ३ ही वचने उघडून पाहा. चोर घर फोडताना सापडला आणि मार बसून मेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही. मात्र सूर्य उगवलेला असेल तर दोष आहे. चोर तोच, माल तोच. मग उजेडाने असे काय बदलले? काळोखात घरमालकाला कळत नाही की आत शिरलेला माणूस भांडी न्यायला आला आहे की गळा कापायला. दिवसा चेहरा दिसतो, शेजाऱ्याला हाक मारता येते, चोराकडून भरपाई घेता येते. म्हणजे येथे मुभा आहे ती जिवाच्या भीतीपोटी. माल किती किमतीचा होता, हे शास्त्र तेथे विचारतच नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार पुढे नेला. स्वतःचा बचाव करताना एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात: आपला जीव वाचतो आणि हल्लेखोराचा जातो. आपला हेतू पहिल्या परिणामाचा असावा. आणि गरजेपेक्षा जास्त बळ वापरले, तर तीच कृती अन्यायाची ठरते. ख्रिस्तसभेच्या श्रद्धाग्रंथात परिच्छेद २२६३ पासून पुढे हीच शिकवण आहे. इतरांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याच्यासाठी बचाव करणे हे कर्तव्यही असू शकते, असे तेथे सांगितले आहे. दुकानात कामाला असलेला मुलगा, वरच्या मजल्यावर राहणारे कुटुंब यांचा विचार येथे येतो. प्रभू येशू लूकच्या सहाव्या अध्यायात सांगतो की तुझे नेणाऱ्याकडे ते परत मागू नकोस. ते माझ्या मालाविषयी मी मनापासून पाळावे. त्या मुलाचा जीव मात्र माझ्या मालकीचा नाही. तो सोडून देण्याचा मला अधिकार नाही.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. एका सोन्याच्या नाण्यासाठी चोराला ठार मारणे सर्वसाधारणपणे योग्य आहे, असे विधान त्या काळच्या नीतिशास्त्रात शिरले होते. १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांच्या काळात ते निषिद्ध ठरवले गेले. सेमिनरीत हे शिकताना आम्हांला हसू आले होते. एका नाण्यासाठी कोण कोणाला मारील?

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात १६ मार्च १९९१ रोजी हे घडले. एका कोरियन दुकानदार बाईने १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीवर संत्र्याच्या रसाची बाटली चोरल्याचा आळ घेतला. किंमत १ डॉलर ७९ सेंट. झटापट झाली, मुलीने बाईला ठोसेही मारले. मग मुलगी पाठ फिरवून निघाली आणि बाईने मागून गोळी झाडली. मुलीच्या हातात पैसे होते. ज्यूरीने बाईला दोषी धरले. न्यायाधीशांनी तुरुंगवास दिला नाही. तो राग शहराच्या पोटात राहिला.

पुढच्या वर्षी, २९ एप्रिल १९९२ रोजी, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांना ज्यूरीने दोषी धरले नाही आणि शहर पेटले. ६०हून अधिक माणसे मेली. कोरियन लोकांच्या दोन हजारांहून अधिक दुकानांची लूट वा जाळपोळ झाली. फोन करूनही पोलीस येईनात, तेव्हा काही दुकानदार बंदुका घेऊन छपरांवर उभे राहिले. त्यांचे चुकले काय? आमच्या मते उभे राहण्यात चूक नव्हती. आग लावणारा जमाव समोर होता आणि हाकेला धावणारे कोणी नव्हते. ती निर्गममधली रात्रच होती. पण ३० एप्रिलला रेडिओवरची मदतीची हाक ऐकून १८ वर्षांचा एक कोरियन मुलगा दुकाने वाचवायला घराबाहेर पडला. लुटारू समजून त्याला आपल्याच माणसांनी गोळी घातली. हातात बंदूक आणि मनात भीती असली, की दिवसाचीही रात्र होते.

आपल्या देशाचा कायदाही पाहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाविषयी आहेत. मालमत्तेच्या रक्षणात हल्लेखोराचा मृत्यू ओढवला तरी गुन्हा ठरत नाही, असे मोजके प्रसंग कलम ४१मध्ये दिले आहेत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणे, आणि चोरी वा घुसखोरीत जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असणे. मोशेचा सूर्य येथेही उगवतो! शिवाय कलम ३७ सांगते की पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा अधिक इजा करण्याचा तर कधीच नाही.

तेव्हा दुकानदार बंधूंनो, शटर ओढा, माणसांना मागच्या दाराने बाहेर काढा, ११२ला फोन करा. आत शिरणाऱ्याला ढकलून बाहेर काढावे लागले, अंगावर आलेल्याचा हात काठीने रोखावा लागला, तर त्यासाठी मनाला टोचणी लावून घेऊ नका. पण तुमचा टीव्ही खांद्यावर घेऊन कोणी पळत सुटला असेल, तर त्याच्या बाबतीत सूर्य उगवला आहे, मग घड्याळात रात्रीचे बारा का वाजलेले असेनात. त्याचा चेहरा लक्षात ठेवा, तक्रार नोंदवा, विम्याची कागदपत्रे काढा. त्याच्या पाठीत घातलेला घाव न्यायालयात कदाचित माफ होईलही. प्रायश्चित्त संस्कारात तो सांगावा लागेल.

आणि त्या जमावात कोणी उपाशी लेकरासाठी दुधाची पिशवी उचलली असेल तर? श्रद्धाग्रंथाचा परिच्छेद २४०८ त्याविषयी बोलतो. तो पुढच्या रविवारी, सातव्या आज्ञेबरोबर, आपण वाचू.