वाटेगाव ते मॉस्को

सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात १९२० साली अण्णाभाऊ साठे जन्मले. घरची गरिबी. शाळा दीड दिवसात सुटली. बापाबरोबर ते पायी मुंबईला आले. दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकले. पुढं पोवाडे, कथा, कादंबऱ्या लिहिल्या.

१९६१ साली ते रशियाला गेले. राजधानी मॉस्को पाहिली. तिथं जमिनीखालून रेल्वे धावते. पाट्या मात्र रशियन लिपीत! पाट्यांवर शिकलेला माणूस पुन्हा नव्या अक्षरांपुढं उभा राहिला. परत येऊन त्यांनी प्रवासाचं पुस्तक लिहिलं. २०२२ साली मॉस्कोतल्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला.

चिखलोलीकर मंडळी, अंबरनाथच्या बाजारात जाल तेव्हा एक तरी पाटी वाचा. अण्णाभाऊंची वाट पाटीपासूनच सुरू झाली.